महामार्गाचं पाणी जमिनीत सोडण्याआधी किती शुद्ध होतं? देखरेखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महामार्गालगतच्या पुनर्भरण खड्ड्यांबद्दल, म्हणजे रस्त्यावरचं पावसाचं पाणी जमिनीत सोडणाऱ्या खड्ड्यांबद्दल, साइट इंजिनिअर, सरपंच, रस्त्याकडेच्या विहिरींचे मालक आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. खड्डा बांधायचा कसा, हे सांगणारे ढीगभर आहेत. त्यातून खाली जाणारं पाणी तपासायचं कसं, असं विचारलं की मात्र बहुतेक जण शेजारच्या विहिरीकडे बोट दाखवतात. इथे भर त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

१. महामार्गाच्या कडेला हे खड्डे असतात तरी कशासाठी?

डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता पाणी मुरू देत नाही. पडलेला बहुतेक पाऊस कडेच्या गटारात येतो आणि त्याचं काहीतरी करावंच लागतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अनेक महामार्ग मंजुऱ्यांमध्ये दर ५०० मीटरला पर्जन्यजल संधारणाची रचना आणि तिच्यासोबत ऑइल-ग्रीस ट्रॅप अशी अट असते. ठरलेली मांडणी अशी: गटार, जाळी, गाळ बसण्याची टाकी म्हणजे सिल्ट चेंबर, तेल अडवणारी आडभिंत, वाळू-खडीचा फिल्टर, आणि शेवटी पाणी खाली नेणारा शाफ्ट, म्हणजे उभा खोल खड्डा, किंवा स्लॉटेड केसिंग (चिरा पाडलेला पाइप) टाकलेली बोअर. फिल्टरपर्यंत शुद्धीकरण, त्यापुढे विल्हेवाट. पाटीवर ‘पर्जन्यजल संधारण’ लिहिलेलं असलं तरी भूजलाच्या दृष्टीनं ते रस्ता धुऊन आलेलं पाणी आहे.

२. पावसाचंच पाणी ना? छपरावरच्या पाण्यापेक्षा ते वेगळं कसं?

छपरावर धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा असते. रस्त्यावर त्याशिवाय टायरची झीज (टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं), ब्रेक लायनिंगमधलं तांबं, गळलेलं इंजिन ऑइल आणि डिझेल, धुरातले पीएएच म्हणजे बहुचक्रीय हायड्रोकार्बन, गॅल्व्हनाइज्ड क्रॅश बॅरियरवरून सुटणारं जस्त आणि खूप सारी बारीक माती असते.

अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनासाठी १९९० साली झालेल्या अभ्यासाचे आकडे अजूनही सगळीकडे वापरतात. दिवसाला ३०,००० पेक्षा जास्त वाहनं असलेल्या रस्त्यांवर तरंगत्या घन पदार्थांचं (टीएसएस) मध्यक प्रमाण १४२ मिलिग्रॅम प्रति लिटर, त्याहून कमी वर्दळीच्या रस्त्यांवर ४१. जस्त ०.३२९ आणि ०.०८०. तांबं ०.०५४ आणि ०.०२२. शिसं ०.४०० आणि ०.०८०. शिशाचा आकडा शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातला आहे. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झालं, त्यामुळे तो आकडा आज आपल्याला जसाच्या तसा लावू नका. मातीच्या साइडपट्ट्या आणि उघडे मुरमाचे कट पाहता आपल्याकडचा टीएसएस मात्र या आकड्यांच्या वर जाण्याचीच शक्यता धरून चाला.

३. माती नैसर्गिकरीत्या गाळते, मग एवढी तपासणी कशाला?

माती गाळते हे खरं, पण शाफ्टनं आपण मातीच ओलांडतो. गवताळ चरातून पाणी मुरतं तेव्हा वरच्या अर्ध्या मीटरमधली सेंद्रिय माती, मुळं आणि जिवाणू बरंच काम करतात. जस्त, तांबं आणि शिसं तिथेच चिकटतात. शाफ्ट हा थर भेदून पाणी थेट खाली नेतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा आहे. मुरमाच्या थरात थोडंफार गाळणं होतं, पण त्याखालच्या कातळात पाणी भेगांमधूनच वाहतं आणि भेग काहीही गाळत नाही. कोकणातल्या जांभ्यातही पोकळ्या आणि नळ्यांमधून पाणी झपाट्यानं सरकतं. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, म्हणजे जळगावकडे, परिस्थिती तुलनेनं बरी. म्हणून जमीन पुढचं बघून घेईल हे गृहीत धरू नये. फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी हेच भूजलात जाणारं पाणी, असं मानून मोजमाप करावं.

४. आमचा खड्डा भराभर पाणी पितो. म्हणजे उत्तम चाललंय ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि सगळ्यात जास्त फसवणारा. पाणी किती वेगानं खाली जातं आणि ते किती स्वच्छ होऊन जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात.

नवा फिल्टर ठरावीक वेगानं पाणी घेतो. पावसाळा पुढे सरकतो तसा वर गाळाचा थर साचून वेग कमी होतो, हे अपेक्षितच आहे. पण ऑगस्टमध्ये खड्डा जूनपेक्षा जास्त वेगानं रिकामा होऊ लागला, तर खूश होण्याआधी झाकण उघडा. वाळूत भिंतीलगत चीर पडलेली असते, जिओटेक्स्टाइल कापड एका कोपऱ्यातून उचकटलेलं असतं, किंवा तुंबलेल्या फिल्टरला कंटाळून कुणीतरी ओव्हरफ्लोचा पाइप सरळ बोअरच्या केसिंगमध्ये सोडलेला असतो. हा शेवटचा प्रकार मी इतका पाहिला आहे की आता खड्ड्यावर गेलो की पहिली नजर केसिंगच्या तोंडावर जाते. फिल्टरच्या वरच्या पातळीला केसिंगला स्लॉट पाडलेले असणं हाही त्याचाच चुलतभाऊ.

५. नमुना नेमका कुठे घ्यायचा?

दोन ठिकाणी: सिल्ट चेंबरमध्ये पाणी शिरतं तिथे, आणि फिल्टरमधून पाणी बाहेर पडून शाफ्टमध्ये जाण्याच्या अगदी आधी. एकाच ठिकाणाचा खर्च झेपत असेल तर दुसरं निवडा, कारण तेच पाणी भूजलात जातं.

अडचण अशी की बहुतेक खड्ड्यांत दुसरी जागा उपलब्धच नसते. वाळूतून निथळलेलं पाणी थेट स्लॉटेड पाइपमध्ये जातं आणि तिथे बाटली पोचत नाही. नवीन काम असेल तर नकाशातच फिल्टर आणि शाफ्ट यांच्यामध्ये झाकणाचा छोटा चेंबर दाखवा, ज्यात पाणी निदान फूटभर उंचीवरून पडेल. म्हणजे धारेखाली बाटली धरता येते आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही. जुन्या खड्ड्यात फिल्टरच्या तळाशी, खडीच्या थरात, भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप उभा बसवा आणि त्यातून छोट्या पंपानं नमुना काढा. चेंबरइतकी चांगली सोय नाही, पण काम भागतं.

खड्ड्याच्या वर साचलेल्या पाण्याचा नमुना ‘आउटलेट’ म्हणून देऊ नका. अहवालांमध्ये हे सर्रास दिसतं.

६. कोणत्या पावसात नमुना घ्यायचा? पहिल्याच सरीत का?

पहिली सर महत्त्वाची आहेच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यावर साचलेलं सगळं जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांत धुऊन निघतं. ऊस पट्ट्यात तर हंगामभर ट्रॉल्यांमधून सांडलेलं पाचट आणि वाडं गटारात वाळून पडलेलं असतं. पहिल्या जोरदार सरीला ते जाळीवर येऊन बसतं आणि पाणी जाळीला वळसा घालून जातं.

पण फक्त पहिल्या सरीवर निष्कर्ष काढला तर खड्डा आहे त्यापेक्षा वाईट ठरतो आणि फक्त ऑगस्टच्या झडीवर काढला तर आहे त्यापेक्षा चांगला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पर्यावरण खात्याची ‘टेप’ नावाची चाचणी पद्धत इथे नमुना म्हणून चांगली आहे. त्यांच्या अटी साधारण अशा: किमान १२ पाऊस-घटना, प्रत्येक पाऊस निदान ०.१५ इंचाचा म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरचा, त्याआधी ६ तास जवळपास कोरडे, आणि प्रत्येक घटनेत किमान १० उपनमुने. आपल्याकडे आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही, तेव्हा कोरड्या तासांची अट ताणून धरू नका. त्याऐवजी घटना वाटून घ्या: काही जूनच्या, काही भर पावसाळ्यातल्या, काही परतीच्या पावसातल्या. परतीचा पाऊस अनेकजण विसरतात. मोठ्या उघडिपीनंतर एकदम कोसळणाऱ्या सरीनं रस्ता पुन्हा धुतला जातो.

७. एक बाटली भरून पाठवली तर चालत नाही का?

काही चाचण्यांना चालते, काहींना नाही. पाऊस सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाचं पाणी आणि दुसऱ्या तासाचं पाणी यांत टीएसएसचा फरक कित्येक पट असू शकतो. म्हणून टीएसएस आणि धातूंसाठी कंपोझिट, म्हणजे पावसाच्या पूर्ण काळात थोडं थोडं घेऊन एकत्र केलेला नमुना लागतो. प्रवाह जास्त असताना जास्त पाणी घ्यायचं. ऑटोसॅम्पलर असेल तर तो प्रवाह मोजून हे आपोआप करतो. नसेल तर माणूस बसवा: ठरावीक वेळानं एकेक लिटर आणि दर वेळी गटारातल्या पाण्याची उंची वहीत.

तेल-ग्रीस, ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) आणि बाष्पनशील द्रव्यांसाठी मात्र सुटा ग्रॅब नमुनाच, म्हणजे एकाच वेळी थेट भरलेली बाटली, हवी. तेल बाटलीच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे एका बाटलीतून दुसरीत ओतलं की निम्मं तिथेच राहिलं. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, नमुन्याच्या पाण्यानं ती विसळू नका, काठोकाठ भरून सांडू देऊ नका, आणि प्रयोगशाळेनं पूर्ण बाटली वापरली का हे विचारा. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. विरघळलेले धातू हवे असतील तर आम्ल घालण्याआधी, शक्यतो जागेवरच, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. सगळं बर्फात.

आणि पाणी काढायला गॅल्व्हनाइज्ड बादली वापरू नका. मोजायचं आहे तेच जस्त ती बादली पाण्यात सोडते. पावडर लावलेल्या रबरी हातमोज्यांचंही तसंच.

८. बजेट कमी आहे. कोणत्या चाचण्या टाळता येत नाहीत?

टीएसएस, तेल-ग्रीस, जस्त, तांबं, शिसं (तिन्ही धातू एकूण आणि विरघळलेले), आणि जागेवर पीएच, विद्युतवाहकता म्हणजे ईसी, गढूळपणा. ही झाली किमान यादी. वर्षातून एक-दोन वेळा पीएएच. जवळ वस्ती किंवा धाबे असतील तर नायट्रेट, अमोनिया आणि ई. कोलाय (प्रश्न १६ पाहा).

विरघळलेल्या धातूंची चाचणी कापू नका. वाळूचा फिल्टर मातीचे कण अडवतो आणि कणांना चिकटलेला धातूही. विरघळलेलं जस्त वाळूतून सुखरूप निघून जातं. त्याला अडवायला झिओलाइट, सक्रिय कार्बन किंवा लोहलेपित वाळूसारखं काहीतरी हवं. फक्त एकूण जस्त मोजलं तर ही उणीव दिसतच नाही.

९. मानांकित संस्थेचा अहवाल म्हणतो, ‘८५ टक्के शुद्धीकरण’. चांगलं की वाईट?

त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. टक्केवारी हा या विषयातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे.

दोन पाऊस घ्या, दोन्हींत पाण्याचं प्रमाण सारखं. पहिल्यात आत येणारा टीएसएस ४००, बाहेर ८०. म्हणजे ८० टक्के. दुसऱ्यात आत ३०, बाहेर १५. म्हणजे ५० टक्के. टक्केवारीनुसार पहिला दिवस चांगला. पण दुसऱ्या दिवशी भूजलात गेलेलं पाणी पाचपट स्वच्छ होतं! पाणी जितकं घाण येईल तितकी टक्केवारी छान दिसते. म्हणून काही अहवालांत आत येणारा नमुना मुद्दाम पहिल्या लोंढ्याचा आणि बाहेरचा तासाभरानंतरचा घेतलेला असतो. दोन्हींच्या वेळा अहवालात शोधा. नसतील तर मागा.

शिवाय दोन टक्केवारींची सरासरी काढली तर ६५ येते. एकूण किती गाळ आला आणि किती गेला याचा हिशेब केला, ४३० पैकी ९५, तर ७८ येते. एकाच खड्ड्याचे, एकाच दोन दिवसांचे दोन आकडे. कोणती पद्धत वापरली हे न लिहिलेला आकडा वाचूच नये.

वॉशिंग्टनच्या पद्धतीत यावर सरळ उपाय आहे. आत येणारा टीएसएस १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ८० टक्के काढलाच पाहिजे. १०० च्या खाली असेल तर टक्केवारी सोडा, बाहेरच्या पाण्यात २० पेक्षा जास्त नको. धातूंसाठी वरच्या दर्जाचं शुद्धीकरण म्हणायचं तर विरघळलेलं तांबं ३० टक्क्यांहून आणि जस्त ६० टक्क्यांहून जास्त कमी व्हायला हवं. तेलासाठी पाण्यावर तवंग दिसता कामा नये आणि पेट्रोलियम हायड्रोकार्बनची दैनिक सरासरी १० मिलिग्रॅमच्या आत. आपल्या खड्ड्यांना हे बंधनकारक नाही, पण कागदावर काहीतरी लिहायचंच आहे तर हे लिहा.

१०. मग तुलना पिण्याच्या पाण्याच्या मानकाशी करायची का?

करा, पण डोळे उघडे ठेवून. आयएस १०५०० : २०१२ मध्ये शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएएचची ०.०००१, खनिज तेलाची ०.५. या तिन्ही कडक आहेत आणि रस्त्याच्या पाण्याला लावण्याजोग्या आहेत. जस्ताची स्वीकार्य मर्यादा मात्र ५ मिलिग्रॅम आहे. प्रश्न २ मधला ०.३२९ चा आकडा बघा. अजिबात शुद्ध न केलेलं वर्दळीच्या महामार्गाचं पाणीसुद्धा जस्ताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं. ‘जस्त मर्यादेत आहे’ या वाक्यानं फिल्टरबद्दल काहीच कळत नाही.

तरीही जस्त मोजायचं, कारण ते रस्त्यावरून भरपूर येतं, बऱ्यापैकी विरघळलेलं असतं आणि फिल्टर थकला की लवकर दिसतं. जस्त हे इथे आरोग्याचं नव्हे, फिल्टरच्या तब्येतीचं माप आहे.

११. रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘बीडीएल’ आहे. म्हणजे प्रदूषण नाही?

बीडीएल म्हणजे प्रयोगशाळेच्या शोधमर्यादेच्या खाली. ती मर्यादा किती होती हे शेजारच्या रकान्यात असायला हवं. शिशाची शोधमर्यादा ०.०५ आणि मानक ०.०१ असेल तर ‘बीडीएल’ला काही अर्थ नाही. पाण्यात मानकाच्या चौपट शिसं असलं तरी तेच छापून येईल. नमुना देण्याआधीच विचारा आणि शोधमर्यादा मानकापेक्षा खाली असेल तिथेच द्या. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता ‘त्या घटकासाठी’ आहे का, हेही बघा. संस्थेला मान्यता असते, प्रत्येक चाचणीला असतेच असं नाही.

१२. एवढं करण्यापेक्षा शेजारच्या विहिरीचं पाणी तपासलं तर?

विहीर उशिरा सांगते. विहिरीत शिसं दिसेपर्यंत फिल्टर निकामी होऊन कित्येक पावसाळे गेलेले असू शकतात, आणि तोवर भरपूर भूजलात मिसळून ते पातळही झालेलं असतं. विहिरीची तपासणी जोडीला हवी, फिल्टरच्या बदल्यात नाही.

करायचीच तर दोन विहिरी लागतात: भूजल ज्या दिशेनं वाहतं त्या दिशेला खड्ड्याच्या खालची एक, आणि वरची एक. वरची नसेल तर खतांमुळे आलेलं नायट्रेट आणि रस्त्यामुळे आलेलं यांत फरक करता येत नाही.

विहीरमालकांसाठी एक स्वस्त युक्ती. पावसाच्या पाण्याची ईसी फार कमी असते, बेसॉल्टमधल्या विहिरीची सहसा काही शे मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते. हजार-दोन हजार रुपयांचा ईसी मीटर घ्या आणि जोरदार पावसानंतर रोज वाचन करा. पाणी वरून विहिरीत शिरत नसताना दोन-चार दिवसांतच ईसी एकदम खाली आली, तर खड्डा आणि विहीर यांच्यामध्ये थेट भेग असण्याची दाट शक्यता. अशा विहिरीसाठी फिल्टरच्या आउटलेटचे अहवाल आवर्जून मागा.

१३. सेन्सर बसवून घरबसल्या देखरेख करता येईल?

थोडी. पाण्याची पातळी नोंदवणारा लॉगर सगळ्यात भरवशाचा. खड्डा किती वेळात भरला, किती वेळात रिकामा झाला, ओव्हरफ्लो किती वेळा झाला, हे तो सांगतो. पाऊस थांबल्यावर ७२ तासांनीही पाणी उभं असेल तर फिल्टर तुंबलाय आणि डासांची पैदासही सुरू होणार. गढूळपणाच्या सेन्सरवरून टीएसएसचा अंदाज येतो, पण त्याच खड्ड्याचे नमुने घेऊन दोन्हींचा मेळ आधी बसवावा लागतो, आणि भिंग पुसायची सोय नसलेला सेन्सर चिखलात थोड्याच दिवसांत आंधळा होतो. धातू, पीएएच आणि तेलाला नमुन्यांशिवाय पर्याय नाही.

१४. ओव्हरफ्लो झालेलं पाणी हिशेबात धरायचं का?

ते कुठे जातं यावर आहे. ५०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पट्टा म्हणजे ६,००० चौरस मीटर. १० मिलिमीटर पाऊस, त्यातला ९० टक्के वाहून आला, तर ५४,००० लिटर. तीन बाय तीन बाय तीन मीटरचा, खडी भरलेला खड्डा पोकळ्यांमध्ये जेमतेम १० हजार लिटर धरतो. मोठ्या पावसात बरंचसं पाणी बाहेर पडणारच. ते नाल्याला गेलं तर भूजलाच्या हिशेबाबाहेर. पण बायपासनं शाफ्टमध्ये उतरत असेल, तर न गाळलेलं ते सगळं पाणी बाहेर पडणाऱ्या प्रदूषणाच्या भारात धरा. फिल्टर ९० टक्के काम करत असला तरी निम्मं पाणी त्याला वळसा घालत असेल, तर एकूण काम ४५ टक्के.

१५. काढलेला गाळ आणि जुनी वाळू कुठे टाकायची?

शेतात नाही, आणि तिथल्या तिथे रस्त्याकडेलाही नाही. पुढच्या सरीला तो गाळ परत आत येतो. फिल्टरनं वर्षभर अडवलेले धातू आणि तेल त्यातच आहे. पावसाळ्याआधी, मेमध्ये, काढा, धातू आणि तेलाची चाचणी करा आणि निकालानुसार विल्हेवाट ठरवा. तेलकट गाळ अधिकृत धोकादायक कचरा केंद्रात. नवी वाळू भरताना धुतलेलीच घ्या. न धुतलेल्या क्रश सँडमधली दगडाची भुकटी पहिल्याच पावसात खाली जाते आणि बोअरचे स्लॉट बंद करते.

१६. गटारात धाब्याचं आणि वॉशिंग सेंटरचं पाणी येतं. मग?

मग तो पर्जन्यजलाचा खड्डा राहिलाच नाही. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिलमध्ये, पाऊस नसताना, गटारात पाणी दिसलं की ते कुणाचं तरी सांडपाणी आहे. साबणाचा फेस, वास, काळपट थर बघा. अमोनिया आणि ई. कोलायची चाचणी खात्री करते. वाळूचा फिल्टर सांडपाण्यासाठी बांधलेला नसतो, त्यामुळे इथे फिल्टर सुधारणं हा उपाय नाही. जोडणी तोडणं हाच.

जलप्रदूषण कायदा, १९७४ चं कलम २४ प्रदूषक द्रव्य प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ देण्यास मनाई करतं, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ या शब्दात भूगर्भातलं पाणीही येतं. ग्रामपंचायतीनं तक्रार करताना हे लिहावं.

१७. टँकर उलटला तर फिल्टर सांभाळून घेईल का?

नाही. तेल ट्रॅप तरंगणारं तेल अडवतो, तेही थोडं. इथेनॉल, स्पिरिट, आम्ल, मळी हे सगळं पाण्यात मिसळतं आणि आडभिंतीखालून निघून जातं. आपल्या साखर पट्ट्यातून मळीचे आणि इथेनॉलचे टँकर सतत जातात, म्हणून हा प्रश्न पुस्तकी नाही.

शाफ्टच्या आधी हातानं बंद करता येणारी झडप किंवा निदान लाकडी फळी बसवायची खाच हवी, आणि गस्तीच्या गाडीतल्या माणसाला ती कुठे आहे हे माहीत हवं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करताना ‘इथे पुनर्भरण खड्डा आहे’ हे आवर्जून सांगा. गळती झाल्यावर आधी खड्डा बंद, मग रस्ता धुणं. उलट क्रमानं केलं तर अग्निशमनाच्या पाण्यासकट सगळं खाली जातं. त्यानंतर फिल्टरची वाळू बदलेपर्यंत खड्डा बंदच ठेवायचा.

१८. पावसाळ्यात आमच्या खड्ड्यात खालूनच पाणी वर येतं. नमुना कसा घ्यायचा?

घेऊ नका, आधी खड्ड्याचा पुनर्विचार करा. भूजल पातळी तळाला टेकली की मधला कोरडा थर संपतो आणि उरलंसुरलं नैसर्गिक गाळणंही. कोकणात आणि नदीकाठच्या पट्ट्यात हे नेहमीचं आहे. बांधकाम प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत पुनर्भरण बोअरचा तळ सर्वोच्च भूजल पातळीपेक्षा किमान ५ मीटर वर ठेवण्याची अट सर्रास असते. महामार्गालाही तोच निकष लावावा असं माझं मत आहे. पातळी मेची नव्हे, पावसाळ्यानंतरची धरा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळा घेते, जवळच्या विहिरीचे आकडे तिथून मिळतात. अशा ठिकाणी शाफ्टऐवजी गवताळ उथळ चर बरा.

१९. बंद पडलेली जुनी बोअर आयतीच आहे. तीच वापरली तर?

छपराच्या पाण्याला, चांगल्या फिल्टरसह, विचार करता येईल. महामार्गाच्या पाण्याला माझं उत्तर नाही असंच आहे. ती बोअर पिण्याच्या पाण्याच्या थरांपर्यंत गेलेली असते आणि प्रश्न ३ मधला मुरमाचा थरही पूर्ण टाळते.

२०. हे सगळं कुणी प्रत्यक्षात, मोठ्या प्रमाणावर केलंय का?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं पोर्टलंड शहर वाचण्यासारखं आहे. रस्त्याचं पाणी जमिनीत सोडणारे सुमारे ९,००० शाफ्ट शहराच्या मालकीचे, आणि शहराचं राखीव पाणीपुरवठ्याचं विहीरक्षेत्रही भूजलावर. २००५ साली राज्यानं शहराला एकच परवाना दिला, त्यात नमुना शाफ्टमध्ये पाणी पडण्याच्या जागी घ्यायचा हे ठरवलं आणि बाहेरच्या पाण्याला टक्केवारी नव्हे तर थेट मर्यादा लावल्या. सगळ्यांचं लक्ष शिसं आणि पीएएचकडे होतं. मर्यादा ठळकपणे ओलांडली ती पेंटाक्लोरोफेनॉलनं, म्हणजे रस्त्याकडेच्या लाकडी विजेच्या खांबांना कीड लागू नये म्हणून लावलेल्या रसायनानं. मर्यादा होती लिटरला १ मायक्रोग्रॅम. वाहनांशी त्याचा काही संबंध नव्हता. यादी ठरवण्याआधी गटारात कुठून काय येतं हे रस्त्यानं चालत जाऊन बघावं, ते यासाठी.

२१. टायरमधल्या नव्या विषारी रसायनाबद्दल वाचलं. ते तपासायचं का?

६पीपीडी-क्विनोन. टायर तडकू नये म्हणून घातलेल्या रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन ते बनतं. वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २०२० च्या अखेरीस दाखवून दिलं की कोहो सॅमन मासे पावसानंतर मरत होते ते यामुळे. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत ते नाही आणि पहिला खर्च त्यावर करू नये. प्रश्न ८ मधली यादी पूर्ण होत असेल तर पुढचं बघा.

२२. आमच्या गावाजवळच्या खड्ड्यांचे अहवाल मागायचे कुठे?

महामार्गाला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. मंजुरीचं पत्र पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधा, पुनर्भरणाची अट कोणत्या क्रमांकावर आहे ते टिपा. नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करा. ‘खड्ड्यांची माहिती द्या’ असं मोघम लिहिलं की खड्ड्यांची संख्या आणि फोटो येतात. त्याऐवजी किलोमीटर साखळी क्रमांक देऊन हे मागा: आउटलेटच्या नमुन्याची तारीख आणि वेळ, त्या दिवशीचा पाऊस, प्रत्येक घटकाची शोधमर्यादा, फिल्टरची वाळू शेवटची बदलल्याची तारीख आणि गाळ कुठे टाकला त्याची पावती. ‘असा नमुना घेतलेला नाही’ असं लेखी उत्तर आलं, तर ते जपून ठेवा आणि त्याची प्रत जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या.